सहा पूर्ण होऊ द्या

एक बहीण निपाणीत दिलेली, दुसरी कागलला. आपल्या भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. सोयरीक जमवताना कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका कुणी मोजत नाही. दोघींची मुलं एकाच डिसेंबरातली, बारशी आठ-दहा दिवसांच्या फरकानं झालेली. मग पाच-साडेपाच वर्षांनी, मे महिन्यातल्या एखाद्या लग्नाच्या मांडवात कुणी मामा विचारतो, "कितवीला रे तुम्ही दोघं?" कागलचा पोरगा सांगतो, पहिलीला चाललो. निपाणीचा आईच्या तोंडाकडे बघतो. आणि आई घाईनं म्हणते, "ह्याचं एक वर्ष वाया चाललंय बघा, वयात बसत नाही म्हणतात."

आई-बाबांनो, मला तुमच्याशी या एका वाक्याविषयी बोलायचं आहे. तुमचं मन मला कळतं. फी भरलेली असते, एलकेजी-यूकेजी झालेलं असतं, पोराला पाढे येत असतात, आणि शाळेचा माणूस जन्मदाखला बघून मान हलवतो. शेजारच्या राज्यात तेवढंच मूल दप्तर घेऊन निघालेलं दिसतं. राग येणारच. पण ते वाक्य मांडवात चार जणांपुढे उच्चारताना ते पोर तिथंच उभं असतं, आणि त्याला त्यातलं एवढंच कळतं की आपल्यात काहीतरी कमी आहे.

आधी नियमाचं बोलू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. महाराष्ट्रात २०२० च्या आदेशापासून, ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणार असतील तर मूल पहिलीत बसतं. म्हणजे जूनमध्ये ते साडेपाचचं असलं तरी चालतं. कर्नाटकात पूर्वी पाच वर्षं पाच महिने पुरत होते. जुलै २०२२ मध्ये सरकारनं १ जूनला सहा वर्षं पूर्ण झालेली हवीत असा आदेश काढला, पालकांची तक्रार आल्यावर त्याचा अंमल २०२५-२६ पर्यंत पुढे नेला, आणि ते वर्ष तोंडावर आल्यावर एप्रिल २०२५ मध्ये शिक्षणमंत्री मधू बंगारप्पा यांनी एलकेजी-यूकेजी झालेल्या मुलांना त्या वर्षापुरती पाच वर्षं पाच महिन्यांची सवलत दिली. पुढच्या वर्षापासून मात्र सहा म्हणजे सहाच, असंही तेव्हाच जाहीर केलं. २० डिसेंबर २०२० ला जन्मलेलं मूल घ्या. कागलला ते जून २०२६ मध्ये पहिलीत जाऊ शकतं. निपाणीत सहाची अट लावली तर जून २०२७. बेळगाव आणि चंदगडातलं शिनोळी यांचंही तेच. मूल तेच, ऊन-पाऊस तोच, घरातली बोली तीच, आणि शाळेच्या हिशेबात एका वर्षाचं अंतर.

सहा वर्षांची ही अट कर्नाटकानं हवेतून काढलेली नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते सहा ही वर्षं बालशिक्षणाची मानली आणि पहिली सहाच्या पुढे ठेवली. केंद्रीय विद्यालयांनी २०२२ मध्ये पहिलीचं वय पाचावरून सहावर नेलं, तेव्हा पालक थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तिथंही सहाचीच अट टिकली.

पण नियम आहे म्हणून ऐका, असं मी म्हणणार नाही. त्या अटीमागे मुलाच्या मनाची एक गोष्ट आहे आणि ती आपल्या सीमाभागाला कुणाहीपेक्षा लवकर पटेल, कारण तशाच एका सीमेवर ती तपासली गेली आहे.

इंग्लंड आणि स्कॉटलंड. राजघराणं एक, हवामान जवळपास सारखं, पण शाळेच्या वयाची तारीख वेगळी. इंग्लंड-वेल्समध्ये १ सप्टेंबर, स्कॉटलंडमध्ये १ मार्च. म्हणजे इंग्लंडमध्ये ऑगस्टात जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान ठरतं, तर स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारीतलं. रॉबर्ट गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच ते पंधरा वयाच्या १०,४३८ मुलांची पाहणी केली आणि २००३ मध्ये ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. वर्गात जी मुलं वयानं लहान होती त्यांच्यात चिंता, उदासी, वागणुकीच्या अडचणी असं काही ना काही आढळण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं. आता कुणी म्हणेल, ऑगस्टच्या मुलांवर ऋतूचा काही परिणाम असेल, आईला त्या दिवसांत ऊन कमी मिळालं असेल. पण सीमा ओलांडून स्कॉटलंडात गेलं की तारीख बदलते आणि त्याबरोबर त्रासात सापडणारी मुलंही बदलतात. दोष जन्माच्या महिन्यात नव्हता. तारखेनं मुलाला वर्गातलं सगळ्यात धाकटं करून ठेवलं होतं, त्रास त्यातून होता.

धाकटेपणातून नेमकं काय होतं, हे पहिलीचा वर्ग बघितलेल्या कुठल्याही बाईंना विचारा. साडेपाचचं आणि साडेसहाचं मूल एकाच बाकावर बसतं. आपल्याला एक वर्ष किरकोळ वाटतं, पण साडेपाच वर्षांच्या पोराच्या आयुष्याचा तो जवळजवळ पाचवा भाग असतो. धाकट्याच्या बोटांत अजून बळ नसतं, पेन्सिल घट्ट दाबून धरली की दोन ओळींत हात दुखतो. शौचाला जायचं आहे हे वेळेवर सांगायचं धाडस नसतं. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, मनासारखं झालं नाही तर रडू आवरणं, बाई दुसऱ्याशी बोलत असताना गप्प बसणं, या सगळ्या गोष्टी वयाबरोबर येतात. शिकवणी लावून लवकर येत नाहीत. खो-खोत त्याला शेवटी घेतात, डबा उघडायला दुसऱ्याची मदत लागते, आणि "ए बारक्या" हे नाव चिकटतं.

यातलं एकही दुःख मोठं नाही. पण हे रोज घडतं, आणि पोर त्याचा अर्थ आपल्या परीनं लावतं. 'मी शेजाऱ्यापेक्षा दहा महिन्यांनी लहान आहे' असा विचार ते करू शकत नाही. 'मला येत नाही' एवढाच करू शकतं. पुढे तिसरी-चौथीत वयाचं अंतर आपोआप विरतं, अक्षर सुधारतं, गणित जमतं, पण स्वतःविषयी करून घेतलेलं ते मत मागे राहतं. दहावीच्या वर्षी एखादी हुशार मुलगी परीक्षेच्या आदल्या रात्री थरथर कापते, तेव्हा त्या भीतीचं मूळ नेहमीच पहिलीत असतं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण काही मुलांत ते तिथं असतं, आणि आपण ते शोधायला जात नाही.

डेन्मार्कमध्ये ज्या वर्षी सहा पूर्ण होतील त्या वर्षी मूल शाळेत जातं. त्यामुळे ३१ डिसेंबरचं मूल एक वर्ष आधी जातं आणि १ जानेवारीचं एक वर्ष नंतर. थॉमस डी आणि हान्स हेन्रिक सीव्हर्टसन या दोघांनी २०१५ मध्ये या मुलांचा अभ्यास मांडला. वर्षभर उशिरा गेलेल्या मुलांमध्ये लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा सातव्या वर्षी बराच कमी दिसला, आणि अकराव्या वर्षीही तो फरक टिकून होता. त्यांचा कयास असा की खेळायला मिळालेलं ते जादाचं वर्ष मुलाला स्वतःला आवरायला शिकवतं. खोटं खोटं दुकान मांडणं, भातुकलीत आई होणं, 'आता तू राज्य घे' म्हणून भांडणं आणि मिटवणं, यातूनच हे आवरणं येतं.

'वर्ष वाया' या धास्तीचा हिशेबही नॉर्वेत होऊन गेला आहे. सँड्रा ब्लॅक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की शाळेत वर्षभर आधी गेलं की शेवटी कुणी जास्त शिकतं असं फारसं दिसत नाही; आधी जाणाऱ्याची कमाई लवकर सुरू होते म्हणून काही वर्षं थोडी जास्त असते, आणि तिशीपर्यंत तोही फरक मिटतो. ज्या वर्षासाठी आपण मे महिनाभर कासावीस होतो, ते तिसाव्या वर्षी हिशेबात सापडत नाही.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे सगळे आकडे सरासरीचे आहेत आणि फरक मध्यम आहेत. वर्गात सगळ्यात लहान असूनही मजेत वाढलेली मुलं ढीगभर असतात, आणि सात पूर्ण करून गेलेलं मूलही कोमेजू शकतं. घरातली भांडणं, मारझोड, बापाचं दारू पिणं, वर्गात होणारा अपमान यांचं वजन जन्मतारखेपेक्षा कितीतरी जास्त आहे. वय ही एक गोष्ट आहे, पण ती आपल्या हातात असलेली गोष्ट आहे, म्हणून तिच्यावर इतकं बोलते आहे.

आणि आपल्या भागात तिला आणखी एक पदर आहे. पुण्या-साताऱ्याच्या मुलाला पहिलीत जेवढं पेलायचं असतं त्याहून आपल्या मुलाला जास्त असतं. घरात मराठी, गल्लीत मराठी-कन्नडची सरमिसळ, शाळा बहुधा इंग्रजी माध्यमाची. कन्नड भाषा शिक्षण कायदा २०१५ मध्ये झाला, त्यामुळे माध्यम कुठलंही असो, कन्नड शिकायचीच असते. म्हणजे देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या मूल एकामागून एक हाताळतं. यात वाईट काही नाही. तीन भाषा सहज बोलणारी बेळगावची माणसं मला फार आवडतात, आणि आपली मुलंही तशी होतील. पण ज्याला घरच्या भाषेत 'मला भूक लागली', 'मला त्यानं ढकललं', 'मला भीती वाटते' हे नीट सांगता येतं, ते मूल परक्या भाषेच्या वर्गात निभावून जातं. ज्याला आपल्याच भाषेत अजून सांगता येत नाही, ते परक्या भाषेच्या वर्गात मुकं होतं, आणि मुक्या मुलाला बाई 'शांत, शहाणं' समजून पुढे जातात. खानापूरच्या जंगलाकडच्या वाड्यांतली मुलं असोत की टिळकवाडीतली, घरच्या भाषेत पक्कं व्हायला मिळालेले दहा-बारा महिने त्यांना पुढे फार उपयोगी पडतात.

मात्र हे महिने भरलेले हवेत. मूल घरात बसून मोबाइलवर कार्टून बघत असेल तर थांबण्याचा फायदा उरत नाही. निपाणीत ज्या घरी आई दिवसभर विड्या वळते किंवा तंबाखूच्या वखारीत जाते, तिथं पोराला त्या धुळीत आणि वासात ठेवण्यापेक्षा अंगणवाडीत पाठवणं शंभर पटीनं चांगलं. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच आहे. २ ऑक्टोबर १९७५ पासून देशभर ती वाढत गेली, पण तिची कल्पना आपल्या मराठी मातीत आधीच रुजली होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत त्यांनी मुलांच्या अंगणातच बालवाडी भरवली. शिंपले, बिया, पानं, माती हेच तिथलं साहित्य. ज्या दोघींनी आपलं आयुष्य लहान मुलांच्या शिक्षणाला दिलं, त्यांनी मुलांना लवकर अक्षरं गिरवायला बसवण्याचा आग्रह धरला नाही. आपण मात्र चौथ्या वर्षी पोराची वही तपासतो.

ज्यांचं मूल यूकेजी झाल्यावर पुन्हा यूकेजीत बसणार आहे, त्यांचं दुखणं वेगळं आहे आणि ते खरं आहे. सोबतचे सवंगडी वरच्या वर्गात जातात, आपलं तिथंच राहतं. या वेळी घरात वापरले जाणारे शब्द फार जपून वापरा. 'नापास', 'अडकला', 'मागे राहिला' हे शब्द आजीच्याही तोंडून येऊ देऊ नका. मुलाला सांगा, "तुझी सहा वर्षं पूर्ण झाली की तू पहिलीत जाणार, सगळ्यांचं असंच असतं." शाळेतल्या बाईंना भेटून विचारा की त्याला तीच पुस्तकं परत न देता वर्गात काही जबाबदारी देता येईल का: धाकट्यांना गोष्ट सांगणं, झाडांना पाणी घालणं, हजेरीची वही ऑफिसात नेऊन देणं. जमत असेल तर गावातली दुसरी बालवाडी बघा. जुन्या मित्रांशी संध्याकाळचं खेळणं सुटू देऊ नका. वर्ग बदलला म्हणून दोस्ती तुटत नाही, हे त्याला अनुभवानं कळू द्या.

काहीजण मला विचारतात, कागलला किंवा चंदगडला बहिणीच्या पत्त्यावर नाव घालू का? तिकडे वयात बसतंय. घालू नका. पहाटे उठवून साडेपाचच्या पोराला रोज राज्याबाहेर नेणं, किंवा आईपासून दूर मावशीकडे ठेवणं, हे ज्या कारणासाठी करायचं ते कारणच एवढं मोठं नाही. शिवाय मधेच परत इकडे आणायचं झालं तर दोन राज्यांच्या नियमांत पोर पुन्हा लोंबकळणार. जन्मतारखेचीही तीच गोष्ट. आपल्या आई-वडिलांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून असायचा, कारण डोक्यावरून हात नेऊन कान पकडता आला की गुरुजी नाव घालायचे आणि दाखल्यावर १ जून लिहून टाकायचे. त्या हात-कान परीक्षेत निदान पोराच्या वाढीकडे बघितलं तरी जायचं. आता १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळेतला मुख्य पुरावा आहे, आणि खोटी तारीख त्याच्याबरोबर पासपोर्टपर्यंत चालत जाते.

ज्यांची मुलं आधीच पहिली-दुसरीत गेली आहेत आणि वर्गात धाकटी आहेत, त्यांनी हे वाचून घाबरून जाऊ नये. त्यांना वर्गातून काढून मागे बसवणं हा बहुधा उपाय नसतो. उपाय साधा आहे: बाईंना मुलाचा जन्ममहिना सांगून ठेवा. साठ मुलांच्या गर्दीत कोण एप्रिलचं आणि कोण नोव्हेंबरचं हे बाईंच्या लक्षात राहत नाही. अमेरिकेत सुमारे चार लाख मुलांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास आला. जिथं शाळेसाठी १ सप्टेंबरची तारीख आहे, तिथं ऑगस्टात जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या विकाराचा, शिक्का सप्टेंबरच्या मुलांपेक्षा ३४ टक्के जास्त बसला होता. महिन्याभराच्या फरकानं मेंदू बदलत नाही. बघणाऱ्याची तुलना बदलते. म्हणून शाळेनं 'फार चंचल आहे, दाखवून घ्या' म्हटलं तर दाखवा जरूर, पण डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की हा वर्गात वयानं सगळ्यात लहान आहे.

दाखवण्यात हयगयही नको. वय लहान म्हणून सगळंच खपवून घेण्यात एक धोका आहे: कमी ऐकू येणं, चष्म्याचा नंबर, बोलण्यातली अडचण या सबबीआड लपून राहते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं, आवडता खेळ सोडून देणं, 'मी वेडा आहे' असं स्वतःविषयी बोलणं, हे काही आठवडे चालू राहिलं तर थांबू नका. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे. दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं. तिथं आईनं मुलासाठी फोन केला तरी चालतो.

घरी करायचं एकच सांगते. संध्याकाळी वही उघडण्याआधी त्याला दिवसभरात कुणाशी खेळलास, कशाला हसलास, कशाचा राग आला हे विचारा, आणि शेजारच्या मुलाच्या मार्कांचं नाव काढू नका. तुलना करायचीच असेल तर त्याची त्याच्याशीच करा: गणपतीत तुला चपलेचा बंद लावता येत नव्हता, आता येतो.

शेवटी राहिली ती काठावरची मुलं, जिथं एक-दोन महिन्यांचाच प्रश्न आहे आणि नियमही दोन्हीकडे वाकू शकतो. तिथं मी फी, नातेवाईक, शेजारी सगळे बाजूला ठेवून अंगणवाडीच्या ताईंना विचारायला सांगेन. त्यांनी मुलाला आईशिवाय बघितलेलं असतं. ते रडलं तर किती वेळात सावरतं, हवं ते मागून घेतं का, दोन-तीन मुलांत मिसळतं का, सांगितलेली गोष्ट शेवटपर्यंत ऐकतं का, हे त्यांना माहीत असतं. त्या 'राहू द्या अजून' म्हणाल्या तर राहू द्या. आणि एकदा ठरलं की मांडवात कुणी मामा विचारेल तेव्हा उत्तर मुलाला देऊ द्या: "पुढच्या जूनला मी पहिलीत."